30 गोळ्या, 50 दिवस

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, पाहिला, त्याखालचे तुझे प्रश्नही वाचले. अंडं चालेल का, तूप बंद करू का, ओट्स कुठले पाठवू, एअर फ्रायर घेऊन देऊ का. सगळे प्रश्न खाण्याचे, गोळीबद्दल एकही नाही. खाण्याकडे मी येतेच, पण आधी गोळीचं लिहिते. मी डॉक्टर नाही. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून वर्षानुवर्षं जे दिसतं, ते सांगते.

डॉक्टरांनी तिला रोज एक अटॉर्व्हास्टॅटिन 20 दिली आहे, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन कुळातली गोळी. म्हणजे महिन्याला 30 गोळ्या. माझ्या वहीप्रमाणे तिच्या 30 गोळ्या 50 दिवस पुरतात. मागच्या वेळी तर "अर्धीच स्ट्रिप कापून द्या" म्हणाली. मी कात्री हातात धरून विचारलं, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. सोमवारी उपवास, संकष्टीला उपवास, एकादशीला उपवास, आणि उपाशीपोटी औषध नको म्हणून त्या दिवशी गोळीलाही सुट्टी. माहेरी गेली की गोळ्या इथेच राहतात. गुडघा दुखला की दोन दिवस बंद. (हे तिला विचारूनच लिहिते आहे. "कळवा त्याला, नाहीतर फोनवर माझं डोकं खाईल," असं म्हणाली.)

तिला हट्टी म्हणू नकोस. "मला काय होतंय?" हे तिचं म्हणणं खरंच आहे. तिला काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक लागते, झोप लागते. कोलेस्टेरॉल वाढलंय हे शरीर सांगत नाही, फक्त कागद सांगतो. ज्या दुखण्याला दुखणंच नाही त्यासाठी रोज गोळी घ्यायची, तीही वर्षानुवर्षं, हे कुणालाही जड जातं. तापाची गोळी विसरत नाहीत, कारण ताप आठवण करून देतो. इथे आठवण करून देणारं कुणी नाही. पुण्यात बसून तू जी काही मदत करशील, ती या एका जागी कर. बाकीचं मागाहून.

उपवासाचा प्रश्न लगेच सोडव, तो सगळ्यात सोपा आहे. अटॉर्व्हास्टॅटिन उपाशीपोटीही चालते, जेवल्यावरही चालते, सकाळी चालते, रात्री चालते. रोज साधारण एकाच वेळी घेतली की झालं. तेव्हा जेवणाशी तिची गाठ बांधूच नका. तुझी आई संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, तो कधी चुकत नाही, उपवासाला तर नाहीच. गोळ्यांची डबी काडेपेटीशेजारी ठेवायला सांग. मोबाइलवर अलार्म लावून देण्याचा तुझा विचार होता ना? तो अलार्म ती आठवडाभर बंद करेल आणि मग तुला न सांगता कायमचा काढून टाकेल.

दुसरं, एक जादा स्ट्रिप तिच्या प्रवासाच्या पिशवीत कायम राहू दे. माहेरी जाताना ती साडी विसरेल, पिशवी विसरणार नाही.

आता गुडघ्याचं. स्टॅटिनने अंग दुखतं असं शेजारच्या बाईंनी तिला सांगितलंय, आणि तेव्हापासून गुडघा जास्त दुखतो. हसू नकोस. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने यावर एक फार हुशारीचा प्रयोग केला होता, 2020 साली त्याचे निष्कर्ष आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली 60 माणसं घेतली. प्रत्येकाला 12 बाटल्या दिल्या, एकेका महिन्याची एक. चार बाटल्यांत खरी गोळी, चार बाटल्यांत अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि चार रिकाम्या. रोज त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी होता, गोळीच्या महिन्यांत वाढला, म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. पण खोट्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच वाढला. खऱ्या गोळीच्या त्रासातला 90 टक्के भाग खोट्या गोळीनेही झाला होता. हे दाखवल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

हे वाचून "बघ, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं आईला सांगायला जाऊ नकोस. दुखतं ते दुखतंच. थोड्या लोकांना स्टॅटिनने स्नायू खरोखर दुखतात, आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात: डोस कमी करणं, दुसरी स्टॅटिन देऊन पाहणं, एक दिवसाआड देणं. स्नायू खूप दुखले, उठता-बसता येईना, लघवी चहासारखी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण माहीत हवं. तुझ्या आईचा गुडघा एकच दुखतो, डावा, आणि तो गोळीच्या आधीपासून दुखतोय, हे मला आठवतंय, कारण त्याचं मलम ती माझ्याकडूनच नेते. ते मी तिला सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "हो, तेही खरंच."

"ही केमिकलं शरीरात जातात" हा तिचा दुसरा मुद्दा. त्याला एक गोष्ट सांगते, तिला आवडेल. अकिरा एंडो नावाचे जपानी शास्त्रज्ञ, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी हजारो बुरशा तपासल्या. त्यांना हवी ती बुरशी सापडली क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर. हे 1970 च्या दशकातलं. तिच्यातून पहिली स्टॅटिन निघाली, पुढे 1987 साली अमेरिकेत त्या कुळातलं पहिलं औषध बाजारात आलं. आजची अटॉर्व्हास्टॅटिन कारखान्यात बनते, पण घराणं तेच. बुरशीतून आलं म्हणून चांगलं, असं माझं म्हणणं नाही, विषारी बुरशाही असतातच. पण तांदळाची गोष्ट आपल्याकडच्या बाईला पटते. "हायड्रॉक्सीमिथाइल" वगैरे सुरू केलंस तर ती उठून चहा टाकायला जाईल.

आता तो कागद नीट वाच. एकूण कोलेस्टेरॉल 278, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 165, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 43, एलडीएल (वाईट, रक्तवाहिन्यांत साचणारं) 202. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. तू इंजिनिअर आहेस, करून बघ: 278 मधून 43 वजा, मग 165 ला 5 ने भागून ते वजा. 202 आलं ना? एचडीएल बायकांमध्ये 50 च्या वर असावं. ते कमी असणं आपल्याकडे घरोघरी आहे. 2014 साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचे आकडे आले, त्यात महाराष्ट्रही होता, आणि 100 पैकी 72 जणांचं एचडीएल कमी निघालं होतं. त्याची चिंता नंतर करू. लक्ष द्यायचं ते 202 कडे. एलडीएल 190 च्या वर गेलं की ते "जरा वाढलंय" या खात्यात राहत नाही.

ते कशाने वाढलं असेल? पाळी गेल्यानंतर बायकांचं एलडीएल वाढतं. हे आईशी बोलायला लाजू नकोस, किंवा ताईला बोलू दे. थायरॉइड मंद असेल तरी वाढतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केलीय का ते डॉक्टरांना विचार, फाइलमध्ये मला ते कुठे दिसलं नाही. आणि तिसरं कारण रक्ताच्या नात्याचं. तुझे धाकटे मामा 45 च्या आतच हार्ट अटॅकने गेले. तेव्हा सगळे म्हणाले, सिगारेट. असेलही. पण बहिणीचं एलडीएल 202 आणि भाऊ इतक्या लवकर गेला, हे एकत्र पाहिलं की डॉक्टरांनी आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा विचार करायलाच हवा. साधारण 250 ते 300 माणसांत एकाला ते असतं आणि बहुतेकांना ठाऊक नसतं.

त्यात होतं काय, तर यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारी दारं असतात, ती जन्मापासूनच कमी किंवा बिघडलेली असतात. ही दारं शोधणारे ब्राउन आणि गोल्डस्टीन, त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करते, मग ती तूट भरून काढायला यकृत जास्त दारं उघडतं आणि रक्तातलं एलडीएल उपसतं. अशा माणसाने नुसतं पथ्य करून भागत नाही. कडक पथ्याने एलडीएल साधारण 10-15 टक्के उतरतं, म्हणजे 202 चं साधारण 170-180. तिच्या गोळीने साधारण 40 टक्के उतरतं, पण रोज घेतली तर. यासाठीच मी आधी गोळीचं लिहिलं.

आणि हे आनुवंशिक असेल तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. तुझी आणि ताईची. तू 28 चा आहेस, बारीक आहेस, जिमला जातोस, यातलं काहीही तुला वाचवणार नाही. स्वतःचा लिपिड प्रोफाइल करून घे, याच महिन्यात. घोट्याच्या मागे, टाचेच्या वर जी जाड दोरीसारखी कंडरा असते ती नेहमीपेक्षा जाड वाटते का, पापण्यांवर पिवळट चट्टे आहेत का, तेही आरशात बघ. नसले म्हणून सुटलास असं नाही, पण असले तर डॉक्टरांना दाखव. ताईला सांगताना एवढं जास्तीचं सांग: मूल हवं असताना आणि गरोदरपणात स्टॅटिन सहसा देत नाहीत, म्हणून तिचा रिपोर्ट वाढलेला आला तर डॉक्टरांशी बोलताना तिने तेही बोलावं.

आईसाठी हे आणखी एका कारणाने चांगलं. आत्ता ती एकटी पेशंट आहे. तपासणीला तुझ्या रक्ताची बाटली भरली, ताईची भरली, की ते घराचं काम होतं. तुझ्या उपदेशापेक्षा तुझ्या दंडावरचा कापूस तिला जास्त समजेल.

आता खाणं. तुझ्या यादीतले ओट्स पाठवू नकोस. ती ते बाबांना लापशी म्हणून घालेल आणि स्वतः उरलेला भात खाईल. ही तिची खरी अडचण आहे: स्वतःसाठी वेगळं काही ती आयुष्यात करणार नाही. तिच्यासाठी वेगळी भाजी, वेगळं तेल असलं काही ठरवलंस तर ते चार दिवस टिकेल. बदलायचं असेल तर सगळ्यांचं ताट बदल, बाबांचं आणि आजीचंही.

तेलाने सुरुवात कर. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल, असं आहारतज्ज्ञ सांगतात. घरात तीन माणसं, म्हणजे दीड लिटर. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा येतो. तो तीन महिन्यांहून जास्त पुरायला हवा. पुढच्या डब्यावर आणल्याची तारीख मार्करने लिहायला सांग, बस. दोष कुणाला द्यायचा नाही, डबा काय सांगतो ते बघायचं. तेलावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलंय म्हणून ती महागडं आणते, तेही थांबव. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, शेंगदाण्याच्याही नाही आणि खोबरेल तेलातही नाही. आणि खोबरेल तेलात तर जवळजवळ 90 टक्के संतृप्त चरबी, जी एलडीएल वाढवते.

इथे कोकणात खोबऱ्याला हात लावायचा म्हणजे भांडणच. तेव्हा बंद म्हणू नकोस. आमटीत, भाजीत, उसळीत, चटणीत, सगळीकडे रोज पडतं ते एका पदार्थात पडू दे. ज्या दिवशी सोलकढी नारळाच्या दुधाची, त्या दिवशी उसळ बिनखोबऱ्याची. बांगड्याचं तिखलं तिच्या हातचं काय होतं मला ठाऊक आहे, त्याला वाटण लागतच नाही. बांगडा, तारली हे तर खावेतच, फक्त तळून नकोत. कुळथाची पिठी, मटकी, मूग, नाचणीची भाकरी, हे घरात आहेच आणि यातला तंतू कोलेस्टेरॉलला चांगला. ओट्सची काय बिशाद.

तूप: गरम भातावर चमचाभर राहू दे. अंडं: आठवड्यातून तीन-चार, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर. खरा चोर चहाबरोबर येतो. खारी, टोस्ट, नानकटाई, फरसाण. जानेवारी 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ते बरंच झालं, पण खारीतली बाकीची चरबी आहे तिथेच आहे. ती खारी बाबांना लागते, हेही मला माहीत आहे. तेव्हा हे आईशी नाही, बाबांशी बोलायचं. मुलाने बापाशी. अवघड आहे, जमव.

एअर फ्रायर घेऊ नकोस. ओट्याखाली ठेवेल, वर फडकं घालून.

आलं, लसूण, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याचा मेसेज तिलाही आलाय. त्याने हृदयातलं ब्लॉकेज निघत नाही. भांडू नकोस, अॅसिडिटी होत नसेल तर पिऊ दे. अट एकच, गोळीच्या बदल्यात नाही. माझ्या दुकानात गोळ्या सुटण्याची दोन कारणं सगळ्यात जास्त दिसतात. एक हा काढा. दुसरं म्हणजे चांगला रिपोर्ट. तीन महिन्यांनी आकडा उतरतो, माणूस खूश होतो, "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद. तो नॉर्मल असतो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत आकडा मूळ गावी. आईचा रिपोर्ट चांगला येईल तेव्हा तू अभिनंदन कर, आणि त्याच फोनवर हेही सांग.

गोळी सुरू झाली फेब्रुवारीत. चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासायचं होतं, आता जुलै लागला. पण आत्ता लगेच तपासू नका. आधी महिना-दीड महिना रोज घेऊ दे, मगच रक्त द्या. नाहीतर 50 दिवसांच्या हिशेबाचा रिपोर्ट बघून डॉक्टर डोस वाढवतील. रोज घेऊनही कमी पडलं आणि दुसरी गोळी जोडली, तर घाबरू नका. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी फक्त 6 टक्क्यांच्या आसपास उतरतं, म्हणून कधी कधी इझेटिमाइब नावाची कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी जोडतात. आणि इतर कुठल्या डॉक्टरकडे सर्दी-खोकल्याला गेली तर अटॉर्व्हास्टॅटिन चालू असल्याचं सांगायचं. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकबरोबर ती बाधू शकते.

रोज रात्री "गोळी घेतलीस?" विचारू नकोस. दहाव्या दिवशी ती "हो" म्हणायला शिकेल, घेतली असो वा नसो. महिन्यातून एकदा मला फोन कर, किंवा तिलाच विचार, "स्ट्रिप कितीवर आली?" चुकली म्हणाली तर कशाने चुकली ते ऐकून घे. रागावलास तर पुढच्या वेळी कळणारच नाही.

आणि एक गोष्ट बाबांना आणि आजीला फोनवर नाही, समोर बसून सांग. छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, दम लागणं, घाम, मळमळ, यातलं काही अचानक आलं तर सोडा पाजून "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही. बायकांमध्ये छातीत कळ न येता नुसता दम आणि थकवाही असू शकतो. 108 लावायचा. तुमच्या वाडीपर्यंतची वाट पावसात कशी होते तुला माहीत आहे, त्यामुळे रात्री गाडी कोण काढेल ते आधीच ठरवून ठेवा आणि त्याचा नंबर फोनशेजारी भिंतीवर लिहा.

गणपतीला तू येशीलच. मोदक खा, तिलाही खाऊ दे, वरून तूपही घेऊ दे. दीड दिवसाच्या मोदकांनी कुणाचं एलडीएल 202 होत नाही. त्या गडबडीत वीस माणसांचं करताना ती स्वतःची गोळी विसरेल, तेवढं बघ. आणि तुझा स्वतःचा रिपोर्ट त्याआधी झालेला असू दे, दुकानात घेऊन ये. दुपारी दोन ते चार मी नसते.

तुझी,
मेडिकलवाली काकू